एका वेळी एकच दाब

त्या दुपारी आमच्या गाडीच्या रिमोटचे बटण एकंदर किती वेळा दाबले गेले, ते मी पाहिलेले नाही. मी तेव्हा अमरावतीला विद्यापीठात उत्तरपत्रिका तपासत होते. ते कुणी हसत दाबले, कुणी भक्तिभावाने दाबले, की एकमेकींच्या बोटावर बोट ठेवून दाबले, यांपैकी कशालाही मी साक्षी नाही. जे पाहिले नाही ते ठामपणे सांगायचे नाही, ही माझी सवय आहे आणि या सवयीचा मला अभिमान होता. (‘होता’ हा भूतकाळ मी विचारपूर्वक वापरला आहे.)

मी दारव्ह्याच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. एम.एस्सी.ला माझा विशेष विषय इलेक्ट्रॉनिक्स होता. माझे यजमान इंद्रजित कापूस खरेदी केंद्रावर कारकून आहेत. त्यांचे काम टोकन देण्याचे. कापसाच्या गाड्या रांगेत येतात, प्रत्येकीला नंबराचा पत्र्याचा बिल्ला मिळतो आणि त्या क्रमाने वजनकाट्यावर जाता येते. त्या वर्षांत ही रांग चार-चार दिवस हलत नसे. बैल रस्त्यावरच कडबा खात, माणसे गाडीखाली अंग टाकत आणि भाव दर सकाळी आदल्या दिवसाहून खाली असे. अशा हंगामात सगळ्या तालुक्याला काही ना काही विकायचे होते. आमच्या यजमानांना मात्र नेमकी त्याच हंगामात विकत घेण्याची बुद्धी झाली.

त्यांनी जुनी मोटार घेतली.

“स्वस्तात भेटली,” ते म्हणाले.

“का स्वस्तात मिळाली, हे विचारलेत?”

“स्वस्त वस्तूले कारण विचारू नये. मालक भाव वाढवते.”

कारण मी शोधून काढले. गाडीचा आधीचा मालक बियाण्यांचा एजंट होता. मुकुटबनकडच्या एका गावात त्याने दिलेली कपाशी उगवलीच नाही, आणि पुढच्या खेपेस गावकऱ्यांनी त्याच्या गाडीला घेराव घातला. चार तास तो आत बसून होता. सुटका झाल्यावर त्याने पहिले काम काय केले असेल? बियाणे बदलले असेल, असे आपल्याला वाटेल. त्याने कुलूप बदलले. नागपूरहून रिमोटची यंत्रणा आणून बसवली, काचांच्या आतून दारांत पत्रे ठोकून घेतले आणि वर्षभरात गाडी विकून निघून गेला. ज्या जिल्ह्यात बी उगवण्याची खात्री कुणी देत नव्हते, त्या जिल्ह्यात दार न उघडण्याची खात्री मात्र रोख मिळत होती. याचा मला तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो.

रिमोटबद्दल मात्र मला आदर वाटला, हे कबूल केले पाहिजे. माझ्याजवळ एका तांत्रिक मासिकातल्या लेखाची झेरॉक्स होती. तिच्या आधारे मी यजमानांना जेवणाच्या ताटावर समजावून सांगितले. “याच्या आत करंगळीच्या नखाएवढी चिप आहे. तिच्यात दोन गोष्टी असतात. एक गुप्त संख्या. ती कधी बदलत नाही आणि कधी बाहेर पाठवली जात नाही. दुसरी मोजणी. प्रत्येक दाबाला ती एकाने पुढे सरकते. चिप ही मोजणी गुप्त संख्येबरोबर अशी घुसळते, की बाहेर पडणारा संदेश दर वेळी निराळाच दिसतो. गाडीतल्या डब्यालाही ती गुप्त संख्या ठाऊक असते. तो संदेश उलगडतो, मोजणी पाहतो, आणि मागच्या वेळेपेक्षा ती पुढची असली तरच दार उघडतो. चोराने हवेतला संदेश टिपून दुसऱ्या दिवशी सोडला तरी उपयोग नाही. तो नंबर होऊन गेलेला असतो.”

“म्हंजे मंगळवारचं टोकन बुधवारी चालत नाई,” यजमान म्हणाले आणि वरणाचा भुरका मारला.

(बारा वर्षांच्या संसारात एखादी वैज्ञानिक गोष्ट त्यांना पहिल्या झटक्यात कळण्याचा हा पहिला प्रसंग होता. मी त्याची नोंद घ्यायला हवी होती.)

“आणि चुकून घरात बसून बटण दाबल्या गेलं त?”

“तेवढी सवलत असते. मोजणी सोळापर्यंत पुढे गेलेली असली तरी गाडी मानते. सोळाच्या पुढे मानत नाही. म्हणून आजपासून नियम: एका वेळी एकच दाब. तोही गाडीसमोर उभे राहून. चाळा म्हणून बटण दाबायचे नाही.”

यजमानांनी मान डोलावली. ते नियम पाळणारे गृहस्थ आहेत. आमच्या घरातल्या बहुतेक अनर्थांचे मूळ तेच आहे.

आता दिपालीविषयी सांगते, कारण या सगळ्यात जिचे खरोखर काही जाणार होते ती तीच. दिपाली माझी नणंद, यजमानांची धाकटी बहीण. डी.एड. होऊन तिला चार वर्षे झाली होती. शिक्षणसेवकाच्या यादीत दोनदा नाव हुकले आणि तिसऱ्यांदा आले. मंगळवारी सकाळी अकरा वाजता यवतमाळला मूळ प्रमाणपत्रांची पडताळणी होती. पत्रात स्पष्ट लिहिले होते, ‘वेळेवर उपस्थित न राहणाऱ्या उमेदवाराचा विचार केला जाणार नाही.’ दुसऱ्या बाजूने उमरखेडच्या एका स्थळाचा निरोप येऊन पडला होता. मुलाचे बियाण्यांचे दुकान होते. (पुन्हा बियाणे!) दिपाली मला स्वयंपाकघरात एवढेच म्हणाली होती, “वहिनी, ऑर्डर हातात असली तर मला नाही म्हणता येईल. नसली तर कोणत्या तोंडाने म्हणू?” त्या नोकरीवर तिचा नकार अवलंबून होता. मी तिला शब्द दिला की तुला यवतमाळला मी स्वतः घेऊन जाईन.

आणि रविवारी मी अमरावतीला गेले.

माझ्यामागे तीन गोष्टी घडल्या. तिन्ही करणाऱ्यांच्या दृष्टीने त्या शहाणपणाच्याच होत्या.

पहिली यजमानांनी केली. गाडी त्यांनी बसस्थानकाजवळ देवसिंगच्या गॅरेजात नेली आणि दाराच्या किल्लीची भोके बुजवून टाकायला सांगितली. कारण, चोर किल्लीच्या भोकातून येतो. देवसिंगने भोकांत लांबीचा लगदा भरला, घासला आणि वरून रंग मारला. इतके सफाईदार काम त्याने आयुष्यात दुसरे केले नसावे.

दुसरी गोष्ट माझ्या सासूबाईंनी, तुळसाबाईंनी केली. संक्रांतीचे हळदीकुंकू त्याच दिवशी होते आणि घरात नवी मोटार आलेली. मोटार गॅरेजात होती, पण रिमोट घरीच राहिला होता. सासूबाईंनी तो ताटात तिळगुळाच्या शेजारी ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिले आणि आलेल्या प्रत्येक बाईला त्याला हात लावू दिला.

तिसरीही यजमानांचीच. रविवारी संध्याकाळी गाडी घरी आणल्यावर त्यांनी दिपालीची प्रमाणपत्रांची फाइल मागच्या सीटवर नेऊन ठेवली. मंगळवारी सकाळी घाईत विसरायला नको, म्हणून. रिमोट देवापुढच्या ताटात होता, तो कशाला हलवायचा, असा विचार करून त्यांनी चालकाच्या दाराची खुंटी आतून खाली दाबली आणि दार लोटून दिले. चारही दारे बंद झाली. (अकलेने काम केल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर सोमवारभर होते. कारण विचारावे, हे मला सुचले नाही.)

मंगळवारी सकाळी नऊ वाजता दिपाली नवी साडी नेसून, दही-साखर खाऊन गाडीपाशी उभी राहिली. यजमानांनी रिमोट गाडीकडे रोखला आणि नियमाप्रमाणे एकदा दाबला.

काही झाले नाही.

मी त्या वेळी आत वेणी घालत होते. बाहेर आले तेव्हा यजमान स्कूटरला किक मारत होते. “सेल गेला असन. देवसिंगकडून बदलून आणतो.”

“पुन्हा दाबून पाह्यला?” दिपालीने विचारले.

“नाई. तुझ्या वहिनीनं सांगतलं हाये, एका वेळी एकच.”

या वाक्यावर मी त्या क्षणी समाधानाने मान हलवली, हे सत्य लपवण्यात अर्थ नाही.

वीस मिनिटांनी देवसिंग स्वतःच मागे बसून आला. सेल नवा घातला होता. “रिमोट एकदम ओके हाये, मॅडम,” तो स्कूटरवरून उतरता उतरता म्हणाला. “दुकानात धा वेळा दाबून पाह्यला. लाल लाइट लागते. फर्स्ट क्लास.”

“दहा वेळा? दुकानात?”

“गॅरंटीचं काम हाये आपलं.”

मी रिमोट त्याच्या हातून काढून घेतला, गाडीसमोर चार फुटांवर उभी राहिले आणि एकदा, फक्त एकदा, व्यवस्थित दाबला. लाल दिवा लागला. गाडी ढिम्म.

तेव्हा माझ्या लक्षात आले की बटण लालसर आहे. त्याच्या फटीत कुंकू बसले होते.

“आई,” मी हाक मारली, “रविवारी या रिमोटला कुणी हात लावला होता का?”

सासूबाई ओसरीतून म्हणाल्या, “मंग? लक्ष्मी आली घरात, तं बायांनी हात नाई लावाव काय?”

“हात लावला, की बटण दाबले?”

“कुंकू लावलं, तिळगूळ देल्ला, वाण देल्लं, बटन दाबलं. एक-एक येऊन दाबून गेली.”

“पण गाडी तर देवसिंगकडे होती! दाबून काय होणार होते?”

“पूजा केल्यानं देव हालते काय?” सासूबाई म्हणाल्या.

या युक्तिवादाला विद्यापीठीय उत्तर नाही. मी पुराव्याकडे वळले. वाण म्हणून चहाच्या पाच डझन गाळण्या आणल्या होत्या. कपाटात सतरा उरल्या होत्या. साठातून सतरा गेल्या, त्रेचाळीस.

“अन् शकुबाईनं तीनदा दाबलं,” सासूबाईंनी भर घातली. “तिच्या पोराची बदली अडून हाये ना.”

पंचेचाळीस. अधिक यजमानांचा एक, देवसिंगचे दहा आणि माझा एक. सत्तावन्न! आणि सवलत किती, तर सोळा. सेल बदलून काही होणार नव्हते, कारण सेल काढला तरी चिपमधली मोजणी पुसली जात नाही. मला एकाच वेळी भयंकर राग आला आणि फार आनंद झाला. राग का, ते उघड आहे. आनंद अशासाठी, की दारव्ह्यात या बिघाडाचे खरे कारण सांगू शकणारी त्या क्षणी मी एकटी होते.

मी रिमोट मुठीत घट्ट धरला. “आता कुणीही हे बटण दाबायचे नाही. प्रत्येक दाबाबरोबर मोजणी आणखी पुढे चालली आहे. आपण खड्डा खोल करत आहोत.”

“मंग करायचं काय?” यजमान.

“आधी प्रश्न समजून घ्यायचा.”

आणि मी तो त्यांना समजावून सांगू लागले. हाताशी फळा नव्हता. पण गाडीच्या मागच्या काचेवर सोमवारची धूळ बसली होती. त्या धुळीत मी बोटाने एक आडवी रेघ ओढली, तिच्यावर गाडीला माहीत असलेली शेवटची मोजणी मांडली, तिच्यापुढे सोळाची चौकट काढली आणि फार लांब, काचेच्या उजव्या टोकाला, रिमोट आज कुठे आहे ते दाखवले. त्या रेघेच्या पलीकडे, बोटभर अंतरावर, मागच्या सीटवर दिपालीची फाइल दिसत होती. लाल नाडी बांधलेली.

“वहिनी, साडेनऊ झाले,” दिपाली म्हणाली.

“एक मिनिट. देवसिंग, लक्षात आले?”

“आलं ना, मॅडम,” देवसिंग म्हणाला, आणि दाराच्या काचेच्या फटीतून लोखंडी पट्टी आत घालू लागला. पट्टी खण्णकन पत्र्यावर आदळली. “आत पत्रा मारला हाये कोणंतरी.” त्याने चारही दारे पाहिली. चारही ठिकाणी खण्णकन आवाज आला. चिडलेल्या गावापासून एजंटाला वाचवणारा पत्रा आता आमच्यापासून एका मुलीची प्रमाणपत्रे वाचवत होता.

“भोक उकरा,” मी म्हणाले.

“त्याले दिवस जाते, मॅडम. लांबी एकदम पक्की भरली हाये.” हे त्याने अभिमानाने सांगितले. “भोकं ठेवा म्हणलं असतं, त ठेवले असते. सायबांनीच सांगतलं, बंद करून टाक.”

यजमान इतका वेळ त्या धुळीतल्या रेघेकडे टक लावून पाहत होते. ते हळूच म्हणाले, “ऐक ना. आमच्या केंद्रावर कधी कधी असंच होते.”

“काय होते?”

“माह्या रजिस्टरात नंबर चालू असते चाळीस. अन् समोरचा गाडीवाला टोकन दाखवते एकशे धा. आता त्याले एकदम चोर म्हणाव काय? मी म्हणतो, थांब भौ, तुह्या मांगं कोण हाये? मांगच्यापाशी जर एकशे अकरा निघालं, का समजून घ्यायचं, गाड्या खऱ्या हायेत, आपलं रजिस्टरच मांगं राह्यलं. मंग दोघायलेही घेतो अन् रजिस्टर एकशे अकरावर आणतो. खोटं टोकन एखादं कोणीबी दाखवन. पण लागोपाठचे दोन खोटे कोणी दाखवू शकत नाई.”

“मग?”

“मंग म्हणतो, अजून एक डाव दाबून पाह्य. लागोपाठ.”

मी त्यांच्याकडे पाहिले. शिकलेली माणसे ज्या नजरेने पाहतात आणि जिची त्यांना पुढे लाज वाटते, त्या नजरेने पाहिले. “हे यंत्र आहे. तुमचे खरेदी केंद्र नव्हे. यंत्राला कुणाची दया येत नाही.”

“दयेचं नाई वं, रजिस्टरचं म्हणून राह्यलो—”

“सोळा म्हणजे सोळा. लेखात छापलेले आहे. तुम्ही टोकनाचे तत्त्वज्ञान केंद्रावर ठेवा.”

ते गप्प झाले. (ते गप्प झाले की मी जिंकले, असे मी बारा वर्षे समजत आले होते.)

पावणेदहाची यवतमाळ एस.टी. आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. ती जाताना दिपालीने पाहिली. मग ती घरात गेली आणि हातात वरवंटा घेऊन बाहेर आली.

“वहिनी, बाजूला व्हा. मी काच फोडते.”

“दिपाली! विचाराने सुटणारा प्रश्न दगडाने सोडवायचा नसतो.”

“दगड नाही, वरवंटा आहे.”

“काचेचे तुकडे फाइलीवर पडतील.”

“पडू द्या. काचेचे तुकडे असलेलं प्रमाणपत्र चालते. हातात नसलेलं प्रमाणपत्र चालत नाही.”

“दोन मिनिटे थांब. नागपूरच्या त्या कंपनीचा फोन लागला, तर ते गाडीतल्या डब्याला नव्याने ओळख करून देण्याची पद्धत सांगतील. ही पद्धत असणारच. तर्काने ती असलीच पाहिजे.”

“वहिनी,” तिचा आवाज खाली आला. मला ओरडण्यापेक्षा ते जास्त लागले. “तुम्ही अर्ध्या तासापासून मले समजावून राह्यल्या. मले समजलं. सगळं समजलं. मले यवतमाळले जायचं आहे.”

डी.एड. झाल्यापासून दिपाली माझ्याशी ‘मला’ म्हणत असे. ती ‘मले’वर आली, म्हणजे पाणी कुठवर आले होते ते ओळखा. पण मी बाजूला झाले नाही. मी गाडीच्या काचेकडे पाठ करून, मुठीत रिमोट धरून उभी राहिले आणि नागपूरचा नंबर शोधायला यजमानांना आत पिटाळले. का उभी राहिले, याचे प्रामाणिक उत्तर असे की काच फोडून प्रश्न सुटला असता, तर मी काचेवर काढलेली आकृतीही तिच्याबरोबर गेली असती.

सव्वादहा वाजता सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या. दिपाली वरवंटा मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. देवसिंग बॉनेटवर कोपर टेकून उभा होता आणि यजमान आत अजून नागपूरचा नंबरच शोधत होते. सासूबाईंनी कप त्याच्या हातात दिला, मग माझ्या मुठीकडे पाहिले.

“आण इकडं ते.”

“आई, दाबू नका.”

“दाबून नाई राह्यली. त्याच्यात कुंकू जाऊन बसलं ना, म्हणून रुसलं असन. पुसून देतो.” सासूबाई स्वतःबद्दल बोलताना ‘देतो’च म्हणतात. त्यांनी रिमोट माझ्या मुठीतून सोडवला, पदराच्या टोकाला थुंकी लावली आणि बटण घासले.

टुक्, टुक्.

चारही दारांच्या खुंट्या एकदम वर आल्या, वर्गात मुख्याध्यापक शिरल्यावर मुले उठतात तशा.

देवसिंगच्या हातातला चहा बॉनेटवर सांडला. दिपालीने वरवंटा पायरीवर ठेवला, दार उघडले, फाइल छातीशी धरली आणि पुढच्या सीटवर बसली. पुढची सीट माझी असते. मी मागे बसले.

आम्ही बोरीअरबच्या रस्त्याला लागलो. रस्त्याच्या कडेला कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, आणि यजमान सवयीने प्रत्येक गाडीवानाला हात दाखवत होते. मी मागून घड्याळ पाहत होते आणि मनात आकडेमोड करत होते. शेवटचा दाब माझा होता, नऊ वाजून बावीस मिनिटांनी. तेव्हापासून रिमोट माझ्याच मुठीत होता. म्हणजे सासूबाईंनी जर एकदाच दाबला असेल, तर माझ्या दाबानंतर लागोपाठचा, नेमका पुढचा नंबर तोच.

एकशे दहा. एकशे अकरा.

मी पुढे वाकून यजमानांना काही सांगणार होते. आरशात त्यांचा चेहरा दिसला. ते हसत नव्हते. हसले असते तर मला भांडता आले असते.

यवतमाळच्या कार्यालयात पोचलो तेव्हा अकरा वाजून तेवीस मिनिटे झाली होती. दिपाली पळत आत गेली. आम्हाला शिपायाने व्हरांड्यात थांबवले. तिला आत घेतले, पण सगळ्यांच्या शेवटी. चार वाजता बाहेर आली तेव्हा फाइलची नाडी पुन्हा बांधलेली होती. “प्रमाणपत्रं पाहिली. उशिरा येणाऱ्यांच्या रजिस्टरवर सही घेतली,” एवढेच ती म्हणाली. मी पुढचे विचारले नाही.

घरी आल्यावर मी सासूबाईंना विचारले, “आई, नीट आठवून सांगा. तुम्ही एकदा दाबले की दोनदा?”

“म्या दाबलंच कुठी? म्या पुसलं.”

ती झेरॉक्स देणाऱ्या अमरावतीच्या मैत्रिणीला मी पत्र लिहून तो मूळ लेख पुन्हा मागवला. आठ दिवसांनी तो आला. माझ्याजवळ त्याचे पहिलेच पान होते. दुसऱ्या पानावर वरून चौथ्या ओळीत लिहिले होते की मोजणी सोळाच्या पुढे गेलेली आढळल्यास गाडीतला डबा तो संदेश नाकारतो, पण ती मोजणी लक्षात ठेवतो. आणि त्याच्या लगतच पुढचा संदेश मिळाला तर रिमोट खरा मानून दार उघडतो व आपली नोंद तिथवर आणतो. विद्यार्थी अर्धवट उतारा वाचून उत्तर लिहितात, म्हणून मी वर्षानुवर्षे त्यांचे गुण कापत आले आहे. मी ते पान यजमानांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले.

“हे त आमच्या केंद्राचंच हाये,” ते म्हणाले, आणि जेवायला बसले.

मी रागावलेली आहे, हे मी लपवत नाही. एजंटावर, पत्र्यावर, लांबीवर, त्रेचाळीस गाळण्यांवर. पण हा राग नीट कुणावर काढावा, हे ठरवण्यासाठी मी जितक्या वेळा हिशेब मांडते, तितक्या वेळा उत्तर एकाच मुठीपाशी येऊन थांबते. म्हणून मी हिशेब मांडायचे सोडले आणि कामाला लागले. गेल्या गुरुवारी रजा टाकून एकटीच यवतमाळला गेले. निवड यादी कधी लागणार, ते विचारायला.

तिथले लिपिक सभ्य होते. त्यांनी उशिरा येणाऱ्यांचे रजिस्टर काढले आणि बोट फिरवत दिपालीच्या नावापाशी थांबले.

“यांचं अडलं आहे, मॅडम. बाकी सगळं बरोबर आहे. फक्त उशिराचं कारण साहेबांना कळून नाही राह्यलं. बस पंक्चर, घरी मयत, नदीला पाणी, अशी कारणं चालतात. हे पाहा.”

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवले. शेवटच्या रकान्यात दिपालीच्या टपोऱ्या, शिक्षिकेला शोभणाऱ्या अक्षरांत लिहिले होते: ‘वहिनी समजावून सांगत होत्या.’

“ह्या वहिनी कोण, तुम्हाला काही माहीत आहे का?” त्यांनी विचारले. “तसा दाखला आणून दिला, तर पुढे पाठवता येईल.”

जे पाहिले नाही ते मी सांगत नाही. पण जे पाहिले, ते सांगायला त्या दिवशी माझी जीभ उचलेना. मी म्हणाले, “चौकशी करते.”

त्यांनी पेन्सिलीने समासात एक प्रश्नचिन्ह काढले. दाखला कुणाच्या सहीचा चालेल, हे त्यांनी वरिष्ठांना विचारले आहे. उत्तर आलेले नाही. यादी लागलेली नाही. उमरखेडची मंडळी रविवारी येत आहेत.